मसूरच्या आजींचे पाणी

दरवर्षी २६ जुलै आला की आम्ही दोन किलो साखर घेऊन कुर्ल्याला जातो. तिथे तुमचे कोण, असे शेजारीपाजारी विचारतात. नात्यातले कोणी नाही, समाजातले नाही, ऑफिसातलेही नाही. त्या साखरेचा हिशेब आज वाचक बंधुभगिनींपुढे मांडतो.

२००५ साली आम्ही सांताक्रूझ पूर्वेला एका खाजगी कंपनीत हिशेबाच्या टेबलावर होतो. मंगळवारचा दिवस. दुपारी दोनच्या सुमारास पाऊस असा कोसळू लागला की समोरची इमारत दिसेना. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३, हे आकडे मागाहून वाचले. तेव्हा कळत होते ते एवढेच की गाड्या बंद, फोन बंद आणि घरी कळव्याला पत्नी आठव्या महिन्याची गरोदर, एकटी.

निघालो. कालिन्यापर्यंत पाणी गुडघ्याला, पुढे कमरेला. मिठी नदी रस्त्यावर आली होती. कुर्ल्याजवळ पाणी छातीला लागले आणि पाय उचलेना. वस्तीतल्या पोरांनी विजेच्या खांबांना दोर बांधून माणसे ओढायला सुरुवात केली होती. आमचा हात कोणी धरला, त्याचे तोंडही अंधारात दिसले नाही. त्याने आम्हांला एका चाळीच्या जिन्यावर लोटले आणि तो पुन्हा पाण्यात उतरला. त्या दिवशी मुंबईत शेकडो माणसे गेली. आम्ही त्यांत नाही, ते त्या पोरामुळे.

वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली. त्यात अकरा परकी माणसे. दोन कॉलेजच्या मुली, एक गुजराती व्यापारी, एक मुसलमान मिस्त्री, बाकी आमच्यासारखे नोकरदार. घर एका माथाडी कामगाराचे. त्यांची म्हातारी आई मेणबत्तीच्या उजेडात सर्वांना सुके कपडे वाटत होती. नळ पुराच्या पाण्याखाली, प्यायला घरात एक हंडा आणि एक कळशी. आजींनी स्टीलचा एकच पेला घेऊन सर्वांना सारखे मोजून पाणी दिले. मग घरातली होती नव्हती तेवढी साखर घालून बिनदुधाचा चहा केला.

आमची पाळी आली तेव्हा त्यांनी विचारले, "कंच्या गावचा रं तू? नाव काय तुझं?" आम्ही उलट विचारले, "आजी, तुम्ही कुठल्या?" म्हणाल्या, "मसूरच्या अल्याडची. साताऱ्याकडं."

मसूर! बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात हे गाव आहे. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचा वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनावर अडकले. पत्र वडिलांच्या हाती न पडल्याने घ्यायला कोणी आले नाही. अंगावर चांगले कपडे, तोवर स्टेशनमास्तर गोड बोलले. जात कळली आणि चेहरा बदलला. बैलगाडीला दुप्पट भाडे कबूल केले, तरी गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. सोबत जेवण होते, पण रात्रभर कोणी पाणी दिले नाही म्हणून ते खाता आले नाही.

तेच मसूर, तोच पाण्याचा प्रश्न आणि समोर पेला. शरम वाटते, पण लिहितो. समाजकार्य करणारे आम्ही, त्या क्षणी आडनाव ओठांवर येऊन अडले. मग पूर्ण नाव सांगितले. महाराष्ट्रात आडनावावरून काय कळायचे ते शेंबड्या पोरालाही कळते. आजींना कळलेच. त्यांनी पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "पी लेकरा आधी. घरी कोण वाट बघतंय?" पत्नीचे ऐकताच त्यांनी आम्हांला भिंतीकडेची, पाय पसरण्याची जागा दिली.

याच आजी गावच्या पाणवठ्यावर अशाच वागल्या असत्या का? ठाऊक नाही, आणि आम्ही कधी विचारले नाही. पण हा पेला आभाळातून पडला नव्हता. महाडचे चवदार तळे १९२७ साली, त्याचा कोर्टातला निकाल १९३७ साली, मग घटनेचे कलम १७. आजींचे उपकार मानताना आम्ही या तारखाही मोजतो. मंगलसुत्तात कतञ्ञुता, म्हणजे केलेले जाणणे, हे मंगल सांगितले आहे. ते लहानपणापासून म्हणत आलो होतो.

सकाळी रुळांवरून चालत संध्याकाळी कळवा गाठले. पत्नी सुखरूप होत्या. शेजारणींनी रात्रभर त्यांना सोबत केली होती. सप्टेंबरात मुलगी झाली. महिनाभराने आजींकडे गेलो, पाकीट पुढे केले. त्या रागावल्या. "चहाचं पैसं देतोस व्हय?" तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन किलो साखर आणून ठेवली. ती घेतली.

मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला आजी मुलासोबत लोकलने कळव्याला आल्या. बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या फोटोखाली बसून पोटभर जेवल्या, आणि सुनेसाठी डब्यात भरून घेतले.

आजी २०१४ साली गेल्या. आमचे जाणे मात्र चुकलेले नाही. आता मुलगी सोबत येते. सूनबाई दर वेळी म्हणतात, "एवढी साखर कशाला हो?" आणि डबा काढायला उठतात.