शस्त्रक्रियेच्या हत्यारातले ‘कार्ड’

वॉर्डातला मॉनिटर किंवा अस्थिरोग विभागातली ड्रिल बंद पडली की ठरलेले उत्तर मिळते, ‘कार्ड गेलंय.’ कार्ड म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड. त्यावरच्या चिप्सबद्दल बरेच बोलले जाते. त्या ज्या पाटीवर बसवल्या आहेत ती कशाची, हे सहसा कुणी विचारत नाही. (हिरवा रंग वरच्या लेपाचा असतो, त्यावरून आतल्या पदार्थाचा पत्ता लागत नाही.)

बहुतेक यंत्रांत ही पाटी ‘एफआर-४’ची असते. काचेच्या धाग्यांचे कापड इपॉक्सी राळेत भिजवायचे, थरावर थर ठेवायचे आणि उष्णता व दाबाखाली पक्के करायचे. मोडलेल्या हाताला आम्ही प्लास्टरची पट्टी गुंडाळतो, तेच हे तत्त्व. एफआर म्हणजे सहज पेट न घेणारा. स्वस्त, मजबूत, घरच्या संगणकाला उत्तमच.

अडचण उष्णतेची आहे. ठरावीक तापमानाला राळेचा कडकपणा जातो आणि ती रबरासारखी होते. साध्या एफआर-४मध्ये हे तापमान १३० ते १४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. आता आमचा ऑटोक्लेव्ह पाहा : हत्यारे निर्जंतुक करण्यासाठी १२१ किंवा १३४ अंशांची वाफ वापरतात. म्हणजे नेमकी सीमारेषा! त्यात राळ पाणी शोषते, आणि ओली राळ आणखी कमी तापमानाला मऊ पडते.

मऊ पडलेली पाटी जाडीच्या दिशेने फुगते. लांबी-रुंदीत काचेचे कापड तिला आवरते, जाडीत आवरणारे कुणी नसते. तापमान एका अंशाने वाढले की तांबे दशलक्षात १७ भाग वाढते. पाटीची जाडी राळ कडक असताना साधारण ५० ते ७० भाग वाढते, मऊ पडल्यावर २००च्याही वर. पाटीतल्या आरपार भोकांना आतून तांब्याचा पातळ मुलामा असतो. तोच एका थरातून दुसऱ्या थरात वीज नेतो. दर फेरीला तो ताणला जातो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा कधीतरी त्याला केसाएवढा तडा जातो. गंमत अशी, की थंड असताना तड्याच्या कडा टेकलेल्या राहतात. ड्रिल तपासताना नीट चालते; गरम झाली की कडा फाकतात आणि ती थांबते. तेव्हा भूल दिलेला रुग्ण टेबलावर असतो आणि हाडातले भोक अर्धे झालेले असते.

म्हणून अशा कामासाठी १७० अंशांपर्यंत कडक राहणारा एफआर-४ किंवा २५० अंशांच्या आसपास टिकणारा पॉलिइमाइड वापरतात. पॉलिइमाइड महाग, शिवाय ओलावा इपॉक्सीहून जास्त शोषणारा. सोल्डरिंगआधी तो नीट वाळवावा लागतो. सिरॅमिक फारच कमी फुगते, पण ठिसूळ. महागडा पदार्थ म्हणजे चांगला पदार्थ, हे समीकरण औषधांइतकेच इथेही फसवे आहे.

नवजात बाळांच्या काविळीसाठीच्या एलईडी दिव्यांची गरज वेगळी. तिथे उष्णता बाहेर काढायची असते, कारण तापलेला एलईडी कमी प्रकाश देतो. म्हणून पाटीचा पाया ॲल्युमिनियमचा असतो.

कोकणातल्या पावसाळ्यात दुसरा शत्रू येतो. काचेचा धागा आणि राळ यांची पकड सुटली की त्या फटीत ओलावा शिरतो आणि विजेच्या दाबाखाली तांब्याचे क्षार धाग्याच्या कडेने सरकत जातात. दोन भोकांमध्ये पूल तयार झाला की शॉर्ट सर्किट. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकातच हा दोष ओळखला गेला. चोवीस तास चालू राहणाऱ्या, दमट खोलीतल्या यंत्राला हा धोका अधिक. त्यासाठी धागा-राळेची पकड चांगली असलेला वेगळा एफआर-४ मिळतो.

खरेदीच्या निविदेत ‘ऑटोक्लेव्हेबल’ एवढाच शब्द पाहून समाधान मानू नये. किती अंशांना, किती मिनिटे, किती फेऱ्यांपर्यंत, आणि बॅटरी काढून की आत ठेवून, हे आकड्यांत मागावे. आकडे लेखी द्यायचे म्हटल्यावर पाटी कोणती घ्यायची याचा विचार कंपनीलाच करावा लागतो.