कुणाकडे बघायचं, किती वेळ

१९३० मध्ये पक्षीतज्ज्ञ सालिम अली बर्लिनहून शिकून परतले, पण नोकरी मिळेना. मुक्काम अलिबागजवळच्या किहीमला. पावसाळ्यात तिथे सुगरण पक्ष्यांनी वसाहत मांडली. अलींनी शिडी उभारली, वर कापडी आडोसा बांधला आणि घरट्यांसमोर बसून नोंदी घेतल्या. नर अर्धं घरटं विणतो, मादी ते पसंत करते, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसऱ्या घरट्याच्या मागे लागतो, हे त्या आडोशातून उलगडलं.

पुढे १९६० मध्ये जेन गुडाल टांझानियातल्या गोंबेत चिंपांझींमागे गेल्या, १९६३ ते ६५ जॉर्ज शॅलर वाघ-हरणांसाठी मध्य प्रदेशातल्या कान्हात राहिले. चिकाटी तीच, वही तीच. मात्र वहीत काय उतरायचं, हे बरंचसं नजर कुठे गेली यावर ठरे.

त्या नजरेची झाडाझडती घेतली जीन ऑल्टमन यांनी. मूळ शिक्षण गणिताचं, अभ्यास केनियातल्या अँबोसेलीच्या बबून माकडांचा. १९७४ च्या त्यांच्या निबंधाचा मुद्दा साधाच: गलका होतो तिकडे मान वळते. भांडणं वहीत येतात, सावलीत गप्प खात बसलेली मादी सुटते. मग कळप सदा भांडतो, असा निष्कर्ष निघाला तर नवल नाही. त्यांचा उपाय म्हणजे एक प्राणी आधीच निवडायचा, ठरलेला वेळ त्याच्यावरच नजर ठेवायची, तो दिसेनासा झाला तर तेही लिहायचं. किंवा ठराविक अंतराने अख्ख्या कळपावर नजर फिरवून त्या क्षणी कोण काय करतंय ते टिपायचं. कंटाळवाणं आहे खरं. पण माझ्या मते कोणत्याही दुर्बिणीने प्राणिवर्तनाच्या शास्त्राला एवढं दिलेलं नाही.

बघणाऱ्याचा उपद्रव उरलाच. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वेड्या राघूबद्दल प्रसिद्ध केलं, की माणसाला त्याच्या घरट्याच्या बिळाचं तोंड दिसत असेल तर पक्षी आत शिरायला कचरतो. दिसत नसेल तर बिनधास्त शिरतो.

आता प्राण्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे आले. २००९ मध्ये ‘आजोबा’ बिबट्या माळशेजहून मुंबईपर्यंत शंभरावर किलोमीटर चालला, हे पट्ट्यामुळेच कळलं. वाटेत त्याने काय काय केलं, ते नकाशावरच्या ठिपक्यांत सापडत नाही; त्यासाठी बघावंच लागतं.

गॅलरीतून पक्षी बघणाऱ्यांनी एवढं करावं: एकच पक्षी ठरवा, दहा मिनिटं त्याचंच लिहा. नुसता बसून राहिला, तर ‘बसला’ असंच लिहा.