पंखावरील बर्फ आणि कवचातील छिद्र

रात्री ढगांतून जाणाऱ्या विमानाच्या पंखावर बर्फ धरू लागला, तर तो वैमानिकाला दिसावा कसा? पंखाच्या पुढल्या कडेवरील पातळ, खरबरीत थरही हवेचा ओघ बिघडवितो. उचल घटते, विरोध वाढतो. म्हणून एका लहान दिव्याचा झोत त्या कडेवर टाकण्याची सोय करतात. कारखान्यात बनणाऱ्या विमानांत ती आरंभीच योजलेली असते. अमेरिकेत मात्र सुटे भाग आणून हौशी माणसे स्वतः विमाने जोडतात. त्यांपैकी लँकेअर फोर-पीसारख्या काहींच्या केबिनमध्ये, उंचावरील विरळ हवेत श्वास सुकर व्हावा म्हणून, हवेचा दाब वाढविलेला असतो. अशा विमानात हा साधा दिवा अवघड प्रश्न उभा करतो.

दाबयुक्त केबिन म्हणजे फुगविलेले कवचच होय. आतील दाब दर चौरस इंचास ५ पौंडांनी अधिक असेल, तर ५ सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर सुमारे ७ किलोग्रॅम भार येतो. तो पेलता येईल. खरे भय छिद्राच्या कडेचे. धातूच्या नळकांड्यातील लहान गोल छिद्राच्या कडेला ताण सुमारे अडीचपट होतो, आणि प्रत्येक उड्डाणागणिक तो चढतो व उतरतो. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ ‘कॉमेट’ हे प्रवासी विमान आकाशातच फुटले. अवशेषांच्या तपासणीत चिरेचा उगम छतावरील एरियलच्या खिडकीपाशी आढळला. कार्बन तंतूंच्या कवचात तर छिद्र पाडताना भार वाहणारे तंतूच तुटतात.

यास्तव दिवा दाबाच्या कवचाबाहेर, उदाहरणार्थ इंजिनाच्या आवरणाच्या बाजूस, बसविणे श्रेयस्कर. तारांसाठी आधीच योजलेला हवाबंद मार्ग वापरावा. हॅलोजन दिव्याच्या उष्णतेने राळ मऊ पडण्याचा धोका असतो. एलईडी त्या मानाने थंड. झोतही असा वळवावा की वैमानिकाचे डोळे दिपू नयेत.

आणि एवढे करूनही दिवा बर्फ दाखवितो, घालवीत नाही. ज्या विमानात बर्फ काढण्याची यंत्रणा नाही, त्याच्या वैमानिकाने थर दिसताच उंची बदलावी किंवा मागे फिरावे. दिव्याचे काम तेवढी सूचना वेळेवर देण्याचे. ते करताना त्याने कवच दुबळे करता कामा नये.