गृहकर्ज आणि धनकोचे कर्तव्य

पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला. जमावाला मुख्यतः हवे होते ते धन नव्हे, तर कागद. रोखे, गहाणखते, कर्जाच्या वह्या बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली आणि पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. दख्खनचे दंगे या नावाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावाची कारणे अनेक होती. कापसाचे भाव कोसळले होते, सारा वाढला होता. परंतु रोष निघाला तो कागदांवर. त्या कागदांवर शेतकऱ्याची निशाणी होती; त्यांत लिहिले काय आहे, हे मात्र त्याला वाचता येत नव्हते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्यक कायदा केला. न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे विशेष न्यायाधीश या नात्याने ज्याच्या अंमलबजावणीचे काम पाहिले, तोच हा कायदा. त्यातील दोन तरतुदी आजही विचारात घेण्याजोग्या आहेत. एक अशी की, केवळ रोख्यावर निशाणी आहे म्हणून न्यायालयाने हुकूमनामा देऊ नये. व्यवहाराच्या मुळाशी जावे, मुद्दल किती आणि व्याज किती हे तपासावे. दुसरी अशी की, धनकोने ऋणकोला पावती द्यावी आणि मागणी केल्यास वर्षाचा हिशेब लेखी द्यावा. कर्ज देणे हा केवळ दोघांमधील सौदा नाही, ज्याच्या हाती लेखणी आहे त्याच्यावर काही अधिक कर्तव्य येते, हे तत्त्व या कायद्याने मान्य केले.

या घटनेला आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. कर्जाचे कागद जाळण्याचे दिवस गेले. आजचा ऋणको निरक्षर शेतकरी नसून शिक्षक, कारकून किंवा तंत्रज्ञ आहे आणि धनको वाड्यातील सावकार नसून वातानुकूलित कार्यालयातील बँक किंवा गृहवित्त कंपनी आहे. तरीही सही करण्याची रीत फारशी बदललेली नाही. कराराचा गठ्ठा पुढे येतो, पेन्सिलीने जेथे खूण केली आहे तेथे सही करावयाची असे सांगितले जाते आणि बारीक टाइपातील इंग्रजी मजकुराखाली पाऊणशे सह्या अर्ध्या तासात उरकतात. पदवीधर माणूसही त्या क्षणी निरक्षरच असतो.

व्यवसाय कसला?

गृहकर्जाने मध्यमवर्गाचे भले केले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. घर बांधायचे ते निवृत्तीनंतर, भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाची रक्कम हाती आल्यावर, असा एके काळी शिरस्ता होता. 1977 साली हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एच. डी. एफ. सी. ही संस्था स्थापन केली आणि पगारदार माणसाला त्याच्या भावी मिळकतीच्या भरवशावर, उमेदीच्या वयात घर घेता येईल अशी सोय झाली. 1988 साली राष्ट्रीय गृहनिर्माण बँक अस्तित्वात आली. पुढे व्यापारी बँकाही या क्षेत्रात उतरल्या. लाखो कुटुंबे भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात गेली ती या कर्जांमुळेच.

परंतु या व्यवहाराचे स्वरूप इतर खरेदी-विक्रीपेक्षा वेगळे आहे. सामान्य माणूस गृहकर्ज आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो. समोरचा अधिकारी महिन्यातून अशी डझनावारी प्रकरणे हाताळतो. एकाला सर्व ठाऊक असते, दुसऱ्याला बहुतेक काहीच ठाऊक नसते. डॉक्टर आणि रुग्ण, वकील आणि अशील यांच्यामधील संबंध असाच असतो आणि म्हणूनच त्या व्यवसायांना आचारसंहिता आहे. अनावश्यक शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टराला ‘रुग्णाने संमतिपत्रावर सही केली होती’ असा बचाव समाज करू देत नाही. कर्जाच्या व्यवहारात मात्र सही हाच अखेरचा शब्द मानला जातो.

यात भर पडते ती कालमर्यादेतील विसंगतीची. कर्ज वीस वर्षांचे असते. ते विकणाऱ्याची चिंता महिन्याच्या उद्दिष्टापुरती असते. अनेक ठिकाणी ग्राहक आणणारा माणूस बँकेचा नोकरही नसतो. तो दलालीवर काम करणारा प्रतिनिधी असतो आणि कर्ज मंजूर होऊन रक्कम वितरित झाली की त्याचा संबंध संपतो. अधिकाऱ्याची तीन वर्षांत बदली होते. हप्ता थकेल तेव्हा कर्ज देणाऱ्यांपैकी कोणीही त्या टेबलाशी नसतो. कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी जोडली जाते, तिची रक्कम कर्जातच मिळवली जाते, आणि तिच्यावरही वीस वर्षे व्याज चालू राहते. विमा असणे वाईट नव्हे. पण तो ऐच्छिक आहे की कर्जाची अट आहे, हे स्पष्ट न सांगणे वाईट आहे.

74 रुपये

मौनाची किंमत किती असू शकते, हे साध्या गणिताने दाखवता येते. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. महागाई रोखण्यासाठी ते आवश्यक होते. बदलत्या दराची गृहकर्जे त्याबरोबर महाग झाली, हेही साहजिकच. समजा, त्यापूर्वी एका शिक्षकाने 30 लाख रुपये द. सा. द. शे. 7 दराने 20 वर्षांच्या मुदतीने घेतले. त्याचा मासिक हप्ता 23,259 रुपये होतो. वर्षभर तो नियमाने हप्ते भरतो. मुद्दल सुमारे 29 लाख 28 हजार 600 रुपये उरते. आता दर साडेनऊ टक्के झाला असे धरू. या मुद्दलावर एका महिन्याचे व्याज 23,185 रुपये होते. हप्ता मात्र पूर्वीचाच ठेवलेला आहे. म्हणजे त्या महिन्यात मुद्दलात जमा होतात अवघे 74 रुपये.

दर तेथेच राहिला तर या गतीने कर्ज फिटण्यास सुमारे साठ वर्षे लागतील. शिक्षकाची नोकरी उरली आहे पंधरा-वीस वर्षांची. हप्ता सुमारे साडेचार हजारांनी वाढवला असता तर कर्ज ठरल्या मुदतीत फिटले असते. कदाचित तो एवढी वाढ सोसू शकला नसता. कदाचित काही बचत मोडून त्याने मुद्दल कमी केले असते. पण निर्णय त्याचा होता. प्रत्यक्षात पुष्कळ ऋणकोंना असे काही विचारलेच गेले नाही. हप्ता तोच राहिला, मुदत आपोआप वाढली, आणि हप्ता वाढला नाही म्हणून मनुष्य समाधानात राहिला.

येथे कोणी खोटे बोलले काय? नाही. करारभंग झाला काय? तसेही नाही, दर बदलेल हे करारात छापलेले होते. तरीही ऋणकोची फसगत झाली. व्यवसायनीतीचा प्रश्न नेमका येथे उभा राहतो. जे बेकायदा आहे त्याला न्यायालय आहे. जे कायदेशीर असूनही अन्यायाचे आहे, त्याला टेबलापलीकडच्या माणसाची सदसद्विवेकबुद्धी हाच उपाय असतो.

अशा तक्रारी आल्यानंतर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये आदेश काढला. दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही, याची निवड ऋणकोला द्यावी. मुदत इतकी वाढवू नये की हप्त्यातून व्याजही भागणार नाही. आणि दर तिमाहीस मुद्दल किती फिटले, व्याज किती गेले, हप्ते किती उरले याचे विवरण द्यावे. धनकोने हिशेब द्यावा, हे 1879 साली सांगावे लागले होते. तेच 2023 साली पुन्हा सांगावे लागले, ही गोष्ट या व्यवसायाला भूषणावह नाही.

नियम मागे, पळवाट पुढे

गेल्या पंधरा वर्षांतील नियम ओळीने वाचले तर तो जणू चुकांचा इतिहासच वाटतो. बदलत्या दराचे कर्ज मुदतीपूर्वी फेडणाऱ्यास दंड आकारला जाई. 2012 साली बँकांना त्यास मनाई झाली. रिझर्व्ह बँकेने दर कमी केले तरी जुन्या ऋणकोचे व्याज उतरत नसे. 2017 साली तिच्याच अभ्यासगटाने बँका दर ठरवताना विहित पद्धतीपासून कशा दूर जातात ते दाखवले, आणि 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी गृहकर्जे बाह्य मानदंडाशी बांधण्यात आली. कर्ज पूर्ण फेडूनही घराचे मूळ दस्तऐवज मिळण्यास महिनोन्‌महिने खेटे घालावे लागत. डिसेंबर 2023 पासून तीस दिवसांत ते परत न केल्यास आणि विलंब धनकोच्या दोषाने असल्यास दररोज 5,000 रुपये भरपाई ठरली. कर्जाचा एकूण खर्च एका कागदावर साध्या भाषेत द्यावा, हा दंडक ऑक्टोबर 2024 पासून आला.

याहून गंभीर प्रकार बांधकाम चालू असलेल्या इमारतींच्या कर्जांत झाला. ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ अशी जाहिरात करणाऱ्या योजनांत कर्ज ग्राहकाच्या नावे आणि पैसा बिल्डरच्या हाती, अशी रचना असे. ताब्यापर्यंतचे व्याज बिल्डरने भरावयाचे होते. बिल्डरने ते थांबवले की वसुलीची नोटीस ग्राहकाच्या दारी येई. घर तर उभेच नसे. कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना 2013 सालीच बजावले होते. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहण्यास 2019 साली सांगितले. तरीही दिल्लीच्या परिसरातील असंख्य ग्राहकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि 2025 साली न्यायालयाने बिल्डर व वित्तसंस्था यांच्या संगनमताची चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवली. पाया खणला आहे की नाही हे पाहण्यासाठी बँकेचा एक माणूस जागेवर गेला असता तर यातील किती अनर्थ टळला असता!

हा दोष केवळ भारतातील नव्हे. अमेरिकेत 2008 पूर्वी मिळकतीचा पुरावा न पाहता कर्जे दिली गेली. ऋणकोला त्याच्या पात्रतेपेक्षा चढ्या दराचे कर्ज गळ्यात मारले तर दलालाला अधिक मोबदला मिळे. देणारा ते कर्ज लगेच दुसऱ्याला विकून मोकळा होई. परिणाम जगाने भोगले. 2010 साली तेथे कायदा झाला आणि परतफेडीची ऐपत तपासणे हे धनकोचे कायदेशीर कर्तव्य ठरले. जे कोणत्याही पतपेढीच्या जुन्या कारकुनाला सांगावे लागत नव्हते, ते सांगण्यासाठी एवढी मोठी आपत्ती यावी लागली.

अधिकार वाढला, उत्तरदायित्व?

धनकोचीही एक बाजू आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. बँकेचा पैसा अखेर ठेवीदारांचा, त्यात निवृत्तांचाही असतो. खोट्या पगारपत्रकांवर कर्ज घेणारे, एकच सदनिका दोन ठिकाणी गहाण टाकणारे ऋणकोही असतात. वसुली वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळत असल्यामुळेच 2002 साली सरफेसी कायदा आला. खाते थकीत ठरल्यावर साठ दिवसांची नोटीस देऊन, दाव्याविना तारण मालमत्तेचा ताबा घेण्याचा अधिकार त्याने धनकोला दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली हा कायदा, एक जाचक अट रद्द करून, वैध ठरवला.

मात्र या बदलाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. 1879 च्या कायद्याने धनको आणि ऋणको यांच्यामध्ये न्यायालय आणून उभे केले होते. 2002 च्या कायद्याने ताब्यापूर्वीची न्यायालयीन छाननी दूर केली. ऋणकोला दाद मागायची ती नंतर, न्यायाधिकरणापुढे. म्हणजे व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचे जे काम पूर्वी न्यायाधीश करीत असे, ते आता कर्ज देतानाच, देणाऱ्यानेच करावयास हवे. घर काढून घेण्याचा अधिकार ज्याला मिळाला, त्याने ते घर या माणसाला पेलेल काय, हा प्रश्न आधी स्वतःला विचारणे क्रमप्राप्त आहे. ‘हे कर्ज तुम्हाला झेपणार नाही’ हे वाक्य उच्चारणारा अधिकारी आज उद्दिष्ट न गाठणारा म्हणून मागे पडतो. वस्तुतः तो ऋणकोचे आणि ठेवीदारांचे, दोघांचेही रक्षण करीत असतो. त्याच्या बढतीचा विचार मंजूर केलेल्या कर्जांच्या बेरजेवर न होता, पाच वर्षांनंतर त्यांतील किती कर्जे सुरळीत फिटत आहेत यावर झाला, दलालीचा काही भाग तोपर्यंत राखून ठेवला, करार मराठीत समजावून दिला, तर पुष्कळ नियमांची गरजच उरणार नाही.

हे सर्व होईल तेव्हा होईल. तोपर्यंत कसोटी एकच आणि ती जुनी आहे. टेबलापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याने, हाच करार आपला सख्खा भाऊ सही करीत असता तर आपण त्याला काय सांगितले असते, एवढे मनाशी विचारावे. जे भावाला सांगितले असते, ते समोरच्या शिक्षकाला सांगणे हे उपकार नव्हेत. ज्या कामाचा पगार तो घेतो, त्यातच ते येते. आणि शिक्षकानेही सही करण्यापूर्वी विचारावे: दर अडीच टक्क्यांनी वाढला तर माझ्या हप्त्यातून मुद्दलात किती रुपये जातील? उत्तर 74 असेल, तर ते आजच कळलेले बरे.