पाचोळ्यात दडलेला गवई

कावळे, कबुतरे आणि साळुंक्या यांच्यापलीकडेही पक्ष्यांचे जग आहे, याचा मुंबईकरांना अनेकदा विसर पडतो. बोरिवलीचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मात्र त्याची आठवण करून देते. सकाळी तेथे येणाऱ्या काही पक्षिनिरीक्षकांची नजर झाडांच्या शेंड्यांकडे नव्हे, तर जमिनीकडे लागलेली असते. त्यांना शोध असतो नारिंगी डोक्याच्या कस्तुराचा.

साळुंकीपेक्षा किंचित लहान असलेल्या या पक्ष्याचे डोके आणि छाती नारिंगी, तर पाठ निळसर करडी असते. पश्चिम घाटात आढळणाऱ्या उपजातीचा गळा पांढरा असून गालावर दोन उभे गडद पट्टे असतात. हिमालयातील उपजातीत हे पट्टे नसतात. असा रंगीत पक्षी चटकन दिसेल असे वाटते. पण दाट सावलीत, तांबूस पाचोळ्यात तो सहज मिसळून जातो.

त्यामुळे त्याला शोधताना डोळ्यांआधी कान कामी येतात. कस्तूर चोचीने पाने उलटून कीटक, गांडुळे आणि गोगलगायी टिपतो. सातभाईही पाने उलटतात. परंतु ते थव्याने, कलकलाट करत वावरतात. कस्तूर बहुधा एकटा किंवा जोडीने, निमूटपणे फिरतो. थांबून थांबून होणारी खसखस ऐकू आली, की जागच्या जागी स्तब्ध उभे राहावे. पावसाळ्यात, विणीच्या काळात, हाच अबोल पक्षी सुरेल शीळ घालतो आणि इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कलही करतो.

त्याची खरी गरज आहे ती ओलसर सावलीची आणि पाचोळ्याची. शहरातील अनेक बागांत नेमका हाच पाचोळा 'कचरा' समजून झाडला, प्रसंगी जाळलाही जातो. झाडे उरतात, पण त्यांच्या पायथ्याचे अन्नभांडार संपते. विणीच्या काळात ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पक्ष्याला बाहेर काढण्याचा मोहही घातकच. प्रतिस्पर्धी आला असे समजून नर अन्न शोधणे आणि पिलांना भरवणे सोडून त्या आवाजामागे धावतो.

बागेचा एखादा कोपरा न झाडता ठेवणे, हे कस्तुरासाठी करता येण्याजोगे सर्वांत सोपे काम आहे. त्यासाठी पैसा लागत नाही. लागते ती स्वच्छतेच्या रूढ कल्पनेला थोडी मुरड घालण्याची तयारी.