बायोप्सीच्या लॅबमध्ये झायलीन आणि अल्कोहोल पुन्हा वापरतात, मग रिपोर्टवर विश्वास ठेवायचा का?

'गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय,' असं डॉक्टर म्हणतात आणि रिपोर्ट येईपर्यंत घरच्यांची झोप उडते. त्या तुकड्याचं लॅबमध्ये नेमकं काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

तो आधी फॉर्मलिनमध्ये राहतो. मग अल्कोहोलच्या एकामागून एक भांड्यांमधून फिरतो, तिथून झायलीनमध्ये जातो आणि शेवटी साधारण ६० अंश सेल्सिअसला वितळलेल्या मेणात. मेण गार झालं की त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप निघतात. आपला केससुद्धा यापेक्षा किमान दहापट जाड असतो.

इतका खटाटोप कशासाठी? शरीराच्या पेशींमध्ये मुख्यतः पाणी असतं आणि पाण्याचं मेणाशी जमत नाही. म्हणून अल्कोहोल पाणी बाहेर काढतं, झायलीन अल्कोहोलला बाहेर काढतं आणि मगच मेण आत शिरतं. पुढे काचेवरचा काप रंगवताना हाच प्रवास उलटा करून पुन्हा सुलटा करावा लागतो. त्यामुळे मोठ्या लॅबमध्ये या द्रावकांचे कॅनच्या कॅन रिकामे होतात.

आता, वापरलेलं झायलीन म्हणजे खराब झालेलं झायलीन नाही. ते झायलीनच असतं, फक्त त्यात मेण, अल्कोहोल, रंग आणि थोडं पाणी मिसळलेलं असतं. वेगळं करायचा उपाय जुनाच आहे: डिस्टिलेशन. हातभट्टीवर जे चालतं तेच, फक्त कायदेशीर. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, झायलीन १४०च्या आसपास. वाफ थंड करून वेगवेगळी गोळा करायची. मेण आणि रंग त्या तापमानाला उडत नाहीत, ते तळाशी राहतात. नुसतं फिल्टर पेपरमधून गाळणं म्हणजे रिसायकलिंग नव्हे. त्याने कचरा जातो, विरघळलेलं मेण आणि पाणी जात नाही.

'दुसऱ्या पेशंटच्या पेशी माझ्या स्लाईडवर येतील का?' ही शंका रास्त आहे. पण पेशींची वाफ होत नाही, त्यामुळे डिस्टिल केलेल्या द्रावकातून त्या येत नाहीत. उलट एकच भांडं दिवसेंदिवस न बदलता वापरलं, तर तरंगणारा परका कण स्लाईडवर चिकटण्याचा धोका जास्त.

खरी गोम आहे अल्कोहोलमध्ये. इथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण कितीही वेळा साधं डिस्टिल करा, वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे ते जात नाही. त्या प्रमाणाला दोघं एकत्रच उकळतात. भारतात शुद्ध इथेनॉलसाठी उत्पादन शुल्क खात्याचे परवाने लागत असल्याने अनेक लॅब आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. त्याची गाडी तर ८८ टक्क्यांच्या आसपासच अडते. म्हणून परत मिळवलेलं अल्कोहोल सुरुवातीच्या भांड्यांत चालतं, पण शेवटच्या भांड्यात पूर्ण निर्जल अल्कोहोलच हवं.

तिथे काटकसर केली की काय होतं? पाणी झायलीनपर्यंत पोहोचतं आणि ते दुधाळ दिसू लागतं. तुकड्याच्या मध्यभागी मेण शिरत नाही. काप फाटतो, भोकं पडतात, पेशींची केंद्रकं धूसर दिसतात आणि नेमकी ती केंद्रकं बघूनच कॅन्सर आहे की नाही हे ठरवायचं असतं. मोठी गाठ असेल तर दुसरा तुकडा घेता येतो. सुईने काढलेला काही मिलिमीटरचा धागा असेल, तर कदाचित पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागते.

हे टाळणारी तपासणी तशी स्वस्त आहे. दुधासाठी लॅक्टोमीटर असतो, तसा अल्कोहोलसाठी हायड्रोमीटर. तो किती बुडतो, यावरून पाण्याचं प्रमाण कळतं. मात्र द्रवाचं तापमान लक्षात घ्यावं लागतं. निर्जल म्हणवणाऱ्या अल्कोहोलमध्ये पांढरा कॉपर सल्फेट टाकला आणि तो निळा झाला, तर पाणी आहे. प्रत्येक बॅचची अशी नोंद ठेवणारी लॅब रिसायकल्ड द्रावक वापरत असेल, तर घाबरायचं कारण नाही. नोंद न ठेवणाऱ्या लॅबमधल्या नव्या बाटलीवरही फार विसंबू नये, कारण भांड्यातलं अल्कोहोल वापरता वापरता पाणी धरतंच.

धोका आणखी एक आहे, तो पेशंटपेक्षा टेक्निशियनला. झायलीनची वाफ डोकं दुखवते, गरगरवते आणि उन्हाळ्यातल्या साध्या खोलीच्या तापमानालाही ठिणगीने पेटू शकते. त्यामुळे डिस्टिलेशनचं यंत्र त्याच कामासाठी बनवलेलं हवं आणि वाफ बाहेर नेण्याची सोयही हवी. पिक्रिक ॲसिड असलेलं बुईन्स द्रावण वापरलं असेल, तर त्याचे अंश असलेले द्रावक यंत्रात घालूच नयेत, कारण सुकलेलं पिक्रिक ॲसिड स्फोटक असतं.

यंत्राच्या तळाशी जो मेणाचा चिकट गाळ उरतो, तोही सिंकमध्ये ओतायचा नसतो. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत रासायनिक कचरा पिवळ्या गटात येतो आणि गाळाची रवानगी त्याच वाटेने होते.