निसर्ग वादळ : किनाऱ्यावरचं नुकसान आणि आपल्या समजुती

म्हसवडहून समुद्र लांब, त्यामुळे चक्रीवादळ आपल्याकडे टीव्हीवरच येतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. चार दिवसांत बातम्या थांबल्या, काही समजुती मात्र आजही ऐकू येतात.

‘मुंबई वाचली, म्हणजे वादळात दम नव्हता.’

अलिबागच्या दक्षिणेला ते जमिनीवर चढलं, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने वाहत होता. मुंबईचं टळलं ते श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा, मंडणगड आणि दापोलीने सोसलं. पत्रे-कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पावसाळा तोंडावर होता, त्यात कोरोना.

‘माणसं फार दगावली नाहीत, म्हणजे नुकसानही थोडंच.’

मला यातली सर्वांत घातक समजूत हीच वाटते. माणसं वाचली, कारण अंदाज वेळेवर मिळाला आणि किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आधीच हलवलं. नारळ-सुपारीची वाडी कुठे हलवणार? श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. तिथल्या वाडीत नारळाच्या सावलीत सुपारी असते आणि पोफळीवर, म्हणजे सुपारीच्या झाडावर, मिरीचा वेल चढवलेला असतो. सुपारीच्या रोपाला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, आणि मोडलेली कितीतरी झाडं आधीच्या पिढीने लावलेली होती. आपली ज्वारी गेली तर पुढच्या हंगामाकडे बघता येतं. वाडी गेली की तेवढी वर्षं हातात काही येत नाही.

‘हेक्टरी ५० हजार मिळाले, मग तक्रार कसली?’

फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार झाली, हे खरं. पण या वाड्या बहुतेक गुंठ्यांत मोजायच्या. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये, दहा गुंठ्यांना ५ हजार. आडवी झालेली झाडं तोडून वाडी मोकळी करायची मजुरी तरी त्यात भागेल का? ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली : नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. इतकी वर्षं जगवलेल्या झाडाचे पन्नास रुपये मला अजिबात पटत नाहीत.

‘१८९१ नंतर हे पहिलंच वादळ.’

ती नोंद फक्त जून महिन्यापुरती होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला वादळाने झोडपलं होतं. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. समुद्राचं पाणी तापतं आहे, तसा त्यांचा जोरही वाढतो आहे.

‘वादळ कोकणात, आपल्याला काय त्याचं?’

१३ ऑक्टोबर २०२० ला आंध्रच्या किनाऱ्यावर काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेला कमी दाबाचा तीव्र पट्टा तेलंगण, कर्नाटक ओलांडून सोलापूर-सांगली-साताऱ्यावर आला. पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. माणदेशातल्या डाळिंबाच्या बागांत पाणी साचलं. आपला परतीचा पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरातल्या अशाच पट्ट्यांमुळे पडतो. म्हणून बाजरी काढून रानात पडली असेल, तर आंध्रच्या किनाऱ्यावरची बातमी ऐकल्याबरोबर ती झाकून घ्यावी. मध्ये एक-दोन दिवस मिळतात.